घरची कोंबडी आणि वाटेवरची कोंबडी



माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात काही हिंदी म्हणी इतक्या मुरलेल्या असतात, की त्यांचे मराठी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. 'घर की मुर्गी दाल बराबर' ही त्यांतलीच एक. जुन्या उज्जैनपासून रेल्वेमार्गाने तोडलेल्या आणि पुलाने जोडलेल्या आमच्या फ्रीगंजात ही म्हण नवऱ्याच्या तोंडी स्वयंपाकाविषयी, बायकोच्या तोंडी नवऱ्याविषयी आणि मुलांच्या तोंडी गावातल्या कॉलेजाविषयी सारख्याच सहजतेने येते. जे घरात सहज मिळते त्याची किंमत राहत नाही, हा तिचा मथितार्थ सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या शब्दार्थाकडेही थोडे पाहण्यासारखे आहे. ही म्हण रूढ झाली तेव्हा कोंबडी ही डाळीपेक्षा कितीतरी मोलाची वस्तू असली पाहिजे. एरवी म्हणीत काही गंमतच उरली नसती. आज मात्र ती अक्षरशः खरी ठरली आहे. कोंबडी वाटेल त्या दिवशी मिळते, अर्ध्या तासात शिजते आणि डाळीसारखीच मुकाट्याने पानात येऊन बसते. मग जीभ नवेपणा मागू लागते. हा नवेपणा घरी आणि प्रवासात कसा शोधावा, आणि तो खरोखर कशात असतो, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आपल्या स्वयंपाकघरात कोंबडीला उजळ माथ्याने प्रवेश मिळाला, त्याला फार दिवस झालेले नाहीत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंक्तीला गावकोंबडा बसवून त्याला वर्ज्य ठरवले आहे. शास्त्र न वाचलेल्या घरांतही हा विटाळ होताच. बोकडाचे मटण जेथे निर्वेधपणे शिजे, तशा कित्येक घरांत कोंबडी आली की चूल अंगणात मांडली जाई, भांडी वेगळी निघत आणि बहुधा पुरुषमंडळीच पळी हातात घेत. उकिरडा उकरणारे पाखरू म्हणून तिची हेटाळणी होई. पण पाहुणा आला, बाळंतीण अशक्त झाली किंवा नवस फेडायचा झाला, की त्याच पाखराची आठवण निघे. थोडक्यात, कोंबडी दुर्मिळ होती म्हणून तिचा थाट होता.

हा थाट उतरवला तो ब्रॉयलरने. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज ही संस्था सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत शास्त्रोक्त कुक्कुटपालन महाराष्ट्रात आणि देशभर पसरले. सहा आठवड्यांच्या आत-बाहेर दोन किलो भरणारे हे पाखरू सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याची निंदा करण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्या घरांत वर्षातून दोनदा सामिष शिजे, त्या घरांतल्या मुलांच्या पानात त्याने प्रथिने वाढली. मात्र त्याबरोबर एक गोष्ट घडली. पाखरू सगळीकडे एकच झाले, आणि निराळेपणाचा सारा भार मसाल्यावर आणि नावावर पडला. हमरस्त्यावरच्या कोणत्याही उपाहारगृहात पदार्थांची यादी हाती घ्या. कोंबडीची वीस-पंचवीस नावे तीत सहज सापडतील. पण दोनचार वाट्या शेजारी शेजारी ठेवून डोळे मिटून चाखाव्यात, तर कांदा-टोमॅटोचे तेच वाटण, काजूची तीच दाट पेस्ट आणि वरून सोडलेली तीच साय. हा नवा पदार्थ नव्हे, हे नवे बारसे.

म्हणून नवा पदार्थ चाखताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पाखरू कोणते? आच कोणती? आणि आंबट व स्निग्ध काय घातले आहे? या तिन्हींपैकी एक जरी खरोखर बदलले, तरी पदार्थ बदलतो. आणि तिन्ही तीच राहिली, तर मसाल्याचे डझनभर डबे रिकामे करूनही पदार्थ तोच राहतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हां उज्जैनकरांच्या अगदी वाटेवर आहे. फ्रीगंजातून पश्चिमेला बडनगर, बदनावर असे करीत निघाले, की माळव्याची काळी सपाट जमीन हळूहळू संपते, टेकड्या सुरू होतात आणि झाबुआ जिल्हा येतो. हा भिल्ल-भिलालांचा मुलूख, आणि हेच कडकनाथाचे माहेर. स्थानिक बोलीत याला 'कालीमासी' म्हणतात. पिसे काळी, तुरा काळपट, चोच काळी, कातडी काळी. एवढेच नव्हे, तर मांस आणि हाडेही काळसर. रक्तही काळे असते ही मात्र ऐकीव गोष्ट. ते लालच असते, फार तर थोडे गडद. आणि अंडे म्हणाल तर ते फिकट मातकट रंगाचे. काळे अंडे मागणाऱ्या गिऱ्हाइकाची निराशा ठरलेली. हा काळेपणा कातडीखालच्या पेशींत रंगद्रव्य अतोनात साठल्याने येतो. चीनमधली रेशमी पिसांची कोंबडी आणि इंडोनेशियातली 'अयाम चेमानी' ही याची दूरची भावंडे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आदिवासींच्या अंगणातले हे पाखरू महानगरांतल्या उपाहारगृहांपर्यंत जाऊन पोचले.

पण येथेच गोम आहे. मोठ्या हौसेने कडकनाथ आणायचा, घरी ब्रॉयलरसारखाच अर्ध्या तासात शिजवायचा, आणि मग 'चामड्यासारखा लागतो, नुसते नाव मोठे' असा निकाल द्यायचा, हे वारंवार घडते. हे पाखरू सव्वा-दीड किलो भरायला पाच-सहा महिने घेते. तेवढे दिवस ते हिंडते, उकरते, पळते. त्याच्या मांसाचे तंतू घट्ट असतात आणि ते बांधून ठेवणारी ऊती चिवट असते. मोठ्या आचेने ती आणखी आवळते. मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून, तासाहून अधिक वेळ दिला, की तीच ऊती विरघळून रश्शात उतरते आणि कोणतेही दाट वाटण न घालता रस्सा ओठांना चिकटू लागतो. मीठ-हळद आदल्या रात्री चोळून ठेवावी, तेल बेताचे घ्यावे, लसूण आणि सुकी लाल मिरची एवढ्यावर भागवावे. रश्शाचा रंग पाहून पदार्थ करपला असे वाटेल, घाबरू नये. याला जोड हवी ती झाबुआच्याच पानियांची, म्हणजे मक्याचे पीठ पानांत घालून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या भाकरीची.

कडकनाथात चरबी कमी आणि प्रथिने अधिक असतात हे तपासण्यांत आढळले आहे. परंतु त्याच्या अंगी जे नाना औषधी गुण चिकटवले जातात, ते विक्रेत्याच्या जिभेवर जितके आढळतात तितके पाखरात आढळत नाहीत. ते औषध म्हणून न खाता अन्न म्हणून खावे. झाबुआच्या ज्या बाईने ते अंगणात वाढवले, तिच्या दृष्टीने तो देवाचा नवस असतो, पाहुण्याचा मान असतो आणि अडीअडचणीला मोडता येणारी पुंजीही असते. त्याला योग्य भाव आणि योग्य आच मिळाली, तरच ते पाखरू आणि त्याला पोसणारे अंगण दोन्ही टिकतील. चुकीच्या रीतीने शिजवून त्याची बदनामी करणे म्हणजे तिच्या पुंजीला धक्का लावणे होय.

दुसरा प्रश्न आचेचा. त्याचा उत्तम पाठ रतलामजवळच्या सैलाना संस्थानाने घालून दिला आहे. तेथील महाराज दिग्विजयसिंह यांचे पाककृतींचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. सैलानाच्या नावाशी जोडले गेलेले 'जंगली मास' म्हणजे मांस, तूप, सुक्या मिरच्या, मीठ आणि शिपडत राहायचे थोडे थोडे पाणी, बस्स. कांदा नाही, आले-लसूण नाही, गरम मसाला नाही. सारे काम आचेचे आणि जवळ बसून राहणाऱ्या माणसाचे. ही रीत कोंबडीलाही उत्तम लागू पडते. कडकनाथ नसेल तर गावरान घ्यावी. तंदूर हे आचेचे दुसरे टोक. तेथे भट्टीची प्रखर धग मांस झटकन भाजून काढते. म्हणून कोवळे पाखरू तेथे शोभते. ज्याचा धर्म निखारा, त्याला घरी पाण्यात उकळले, तर रंग तेवढा तंदुरी येईल, चव यायची नाही.

तिसरा प्रश्न आंबट-स्निग्धाचा, आणि येथे वाटेवरची चव घरी आणताना बुद्धी चालवायला भरपूर वाव आहे. कोल्हापूरचा पांढरा रस्सा खाऊन आलेला माणूस फ्रीगंजात नारळ शोधू लागतो. नारळ मिळतो, पण कोकणातला ओला रसरशीतपणा त्यात नसतो. उलट खसखस ही आमच्या दारची. मंदसौर, नीमच, रतलाम हा अफूच्या परवानाधारक शेतीचा टापू. बोंडातला चीक सरकारजमा होतो आणि दाणे मसाल्याच्या बाजारात येतात. तेव्हा नारळ कमी करून भिजवलेली खसखस वाढवावी, मंदसौरचाच लसूण घ्यावा. रस्सा कोल्हापूरचा राहणार नाही हे खरे, पण तो लटकाही ठरणार नाही. तो माळव्याचा पांढरा रस्सा होईल. गोव्याच्या शागुतीतही भाजलेल्या खोबऱ्याबरोबर हीच खसखस असते. आणि गोव्याचे हिरवेगार काफ्रेआल पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आले असे मानतात. तेथून येथे येईतो त्याने किती कोथिंबीर आणि किती मिरच्या अंगावर घेतल्या असतील!

पदार्थ प्रवास करतात तेव्हा ते बदलतातच. फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीत तंदूर पेटवले, त्यातून लोणी-टोमॅटोची मखनी कोंबडी देशभर गेली. तिचा मूळ जनक कोण, याचा वाद २०२४ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयात जाऊन पोचला. न्यायालयाने काय ठरवायचे ते ठरवावे; आपल्या स्वयंपाकघरात मालकी हक्काचा दावा लागत नाही. मात्र उपकाराची आठवण ठेवावी. पदार्थ जेथून आला त्या गावाचे नाव त्याला लावावे, आणि आपण त्यात काय बदलले तेही मोकळेपणाने सांगावे.

आता थोडे व्यवहाराचे. घरी प्रयोग करायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे चव कशाने आली किंवा गेली ते कळते. पहिल्या खेपेला अर्धाच किलो घ्यावी; पाहुण्यांवर प्रयोग करू नयेत. मुरवण माळव्याच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नये, शीतकपाटातच ठेवावी. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुण्याची आपली सवय अपायकारक आहे. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर उडतात, आणि त्यांचा नाश पाण्याने होत नाही, उष्णतेने होतो. मांसाच्या जाड भागाच्या आत ७४ अंश सेल्सियस तापमान झाले म्हणजे धोका टळला. एरवी मांड्याला सुरी टोचून पाझर स्वच्छ येतो का ते पाहतात; पण कडकनाथाच्या काळ्या मांसात रंग पाहून काही उमगत नाही, तेथे सांधा सहज सुटतो का ते पाहावे. आणि प्रवासात यादीतले सर्वांत लांब नाव मागवण्यापेक्षा, 'तुमच्या घरी कशी करतात?' एवढे विचारावे. या प्रश्नाने कित्येक आचाऱ्यांचा चेहरा उजळतो, आणि यादीत नसलेली एखादी वाटी पुढे येते.

प्रवासातल्या त्या वाटीचे आणखी एक मोल आहे. घरात नवा पदार्थ करणारी बाई स्वतः शेवटी जेवते. तोवर रस्सा निवालेला असतो आणि चांगले तुकडे संपलेले असतात. तिच्या पुढ्यात गरम वाटी येते ती बहुधा वाटेवरच. म्हणून तेथे तिला घाई करू नये. ती बोटावर रस्सा घेऊन 'यात बडीशेप आहे' असे म्हणेल, पुन्हा चाखून 'आणि जायफळ' असे म्हणेल. त्या क्षणी नवा पदार्थ खऱ्या अर्थाने घरी येण्यास निघालेला असतो. आणि घरी तो ज्या दिवशी होईल, त्या दिवशी तरी तिने पहिल्या पंक्तीला बसावे आणि इतरांनी वाढावे.

एक शेवटचा मुद्दा, न खाणाऱ्यांचा. महाकालाच्या या नगरीत शेजार बहुधा शाकाहारी, आणि अनेक मराठी घरांत एक तरी वडीलधारे माणूस माळकरी. शिवाय पंचांगाची गंमत निराळीच. उत्तरेच्या रीतीने शेजाऱ्यांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो. आमचा त्यानंतर पंधरा दिवसांनी, दीपअमावास्या उलटल्यावर. त्यांचा राखीपौर्णिमेला संपतो, आमचा पुढे पंधरा दिवस चालतो. महाकालाची सवारीही मराठी महिन्याला धरून भाद्रपद वद्यापर्यंत निघते, तेथे आमच्या जिभेची काय कथा! शेजारधर्म आणि कुलधर्म दोन्ही पाळणाऱ्या घराला असा दीड महिन्याचा संयम घडतो. त्यात नुकसान काहीच नाही. दीड महिना न मिळालेली कोंबडी पुन्हा पानात येते, तेव्हा ती डाळीबरोबरीची राहिलेली नसते. तिला जुना थाट थोडा तरी परत मिळालेला असतो, आणि त्यासाठी नवा मसाला शोधावा लागत नाही.