दिवेलागणीचे छायाचित्र



वक्त्याने आपल्या फजितीपासून आरंभ करावा, म्हणजे श्रोत्यांचा त्याच्यावर थोडा विश्वास बसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतला एक चौसोपी वाडा पाडायचे ठरले. आदल्या दिवशी, दिवेलागण झाल्यावर, मी त्याच्या दिंडीदरवाजाचा फोटो घेतला. कॅमेरा हातातच होता. घरी येऊन पाहतो तो दरवाजाच्या जागी नुसता पिवळसर धूर! झडप, म्हणजे शटर, अर्धा सेकंद उघडे राहिले आणि तेवढ्यात माझा हात हलला. सकाळी धावत गेलो, तर दरवाजा उखडून बैलगाडीत घातलेला. तो धुराचा फोटो मी अजून जपून ठेवला आहे.

कमी उजेडात कॅमेऱ्याला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ तो दगडासारखा स्थिर राहावा लागतो. ट्रायपॉड असला तर उत्तमच. नसला तर पाराचा कट्टा आणि त्यावर किलोभर तुरीची पिशवी. तिच्यात कॅमेरा रुतवून बसवा. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्या. फ्लॅशचा मोह मात्र नको. त्याचा उजेड फार तर चार-पाच मीटर पोचतो. चिखलदऱ्याच्या कड्यावरून समोरच्या अख्ख्या दरीवर फ्लॅश मारणारे हौशी लोक मी पाहिले आहेत!

वेळ दिला की गंमत होते. 1838 मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र दागेर याने घेतले. त्याला काही मिनिटे लागली. घोडागाड्या, माणसे सारी हलती, म्हणून ती चित्रात उमटलीच नाहीत. उरला बूट पुसून घेत उभा राहिलेला एक गृहस्थ. अमरावतीच्या जवाहर गेटसमोर आज अर्धा मिनिट शटर उघडे ठेवा. रिक्षांच्या दिव्यांच्या रेघा उमटतील, माणसे विरतील, कमान तेवढी राहील.

परदेशी पुस्तकांत संधिप्रकाशाचे कौतुक असते, पण त्यांचे घड्याळ आपल्याला लागू नाही. लंडनकडे सूर्य तिरका मावळतो, त्यामुळे उजेड रेंगाळतो. आपण 21 अंश अक्षांशाच्या आसपास राहतो; इथे सूर्य जवळजवळ उभा खाली जातो. सूर्यास्तानंतर कामाची अशी बावीस-चोवीस मिनिटेच मिळतात. विश्रोळीच्या धरणावरून सातपुड्याची रांग टिपायची असेल, तर सूर्य असतानाच जागा धरून बसावे. सूर्य बुडाल्यावर चहाला गेलेला माणूस काळोखच घेऊन परततो.

कॅमेऱ्याची एक खोडही सांगतो. समोर कितीही काळोख असो, तो त्याला मध्यम करड्या रंगावर आणू पाहतो. मोबाइल तर अनेक चित्रे घेऊन एकत्र जुळवतो, आणि रात्रीची दुपार करून देतो. मला हे खोटे वाटते. उजेडाचे माप मुद्दाम एक-दोन घरे खाली उतरवा. सावली सावलीच राहू द्या. आपल्या उन्हाळ्यात कॅमेरा तापला की अंधारात रंगीत कण जास्त उठतात, हेही ध्यानात असू द्या. दिवसभर गाडीत ठेवू नका.

चंद्राचा फोटो पौर्णिमेच्या रात्री बिघडतो, कारण चंद्रावर भर दुपारचे ऊन असते आणि जमिनीवर काळोख. दोन्ही एका मापात बसत नाहीत. चतुर्दशीला मात्र तो पाऊण-एक तास आधी, उजेड असतानाच उगवतो. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नृसिंह जयंतीला, अचलपूरच्या हौज कटोऱ्यापाशी जा. तो अष्टकोनी मनोरा आहे. त्याच्या पश्चिमेला, किंचित वायव्येकडे सरकून उभे राहा. मावळतीचा उजेड दगडांवर येईल, चंद्र मागून वर चढेल. मी यंदा जाणार आहे. तुरीची पिशवी घेऊन कोणी आले, तर माझ्या शेजारी जागा आहे.