पोत्यातला गोळा



आधी एक छोटा प्रयोग करू. ज्यांनी वाघ पाहिलाय, जंगलात नाहीतर निदान प्राणिसंग्रहालयात, त्यांनी हात वर करा. छान, जवळपास सगळेच. आता ज्यांनी खवले मांजर पाहिलंय, त्यांनी. दोन... तीन. तिसरा हात अर्धाच वर आहे.

हरकत नाही. या प्राण्याबद्दल आपल्या भाषांचाही गोंधळच आहे. मराठीत आपण त्याला मांजर म्हणतो. कन्नडमध्ये तो 'चिप्पू हंदी', म्हणजे खवल्यांचं डुक्कर. बंगालीत 'बनरुई', म्हणजे रानातला रोहू मासा. तो यातलं काहीच नाही. अंगावर खवले असलेले सस्तन प्राणी जगात हेच. त्यांच्या आठ जाती आहेत, त्यातल्या दोन भारतात. देशात बऱ्याच भागांत आढळणारं भारतीय खवले मांजर संकटग्रस्त आहे आणि ईशान्येकडचं चिनी खवले मांजर अतिसंकटग्रस्त.

त्याला दात नाहीत. रात्री बाहेर पडायचं, नखांनी वारूळ उकरायचं आणि लांब, चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी टिपायची, एवढाच त्याचा उद्योग. संकट आलं की ते अंगाचा गोळा करतं. बिबट्यालाही तो गोळा उलगडणं अवघड जातं. माणसाला मात्र तो उलगडावाच लागत नाही. उचलायचा आणि पोत्यात टाकायचा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. कॉलेजात असताना सुट्टीत कोकणात मामाकडे गेलो होतो. रात्री पडवीत एक पोतं ठेवलेलं दिसलं. मी हात लावला, तर आत काहीतरी कठीण, गोल. आणि ते श्वास घेत होतं. मामा म्हणाला, "खवल्या आहे. कोणीतरी ठेवलाय, सकाळी नेतील. तू झोप जा." मी झोपलो. सकाळी पोतं नव्हतं. मी काही विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही. कोण घेऊन गेलं, किती पैसे दिले, मला आजही माहीत नाही. माझा हात मात्र तो श्वास विसरलेला नाही.

हे कशासाठी? खवल्यांसाठी. ते केराटिनचे असतात, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात, त्याच पदार्थाचे. चीनमध्ये पारंपरिक औषधांत ते वापरले जात. 2020 मध्ये चीननं आपल्या अधिकृत औषधसूचीतून ते काढले, पण चोरटा व्यापार थांबलेला नाही. आपल्याकडे 'एका खवल्याचे लाखो मिळतात' अशा अफवा मोबाईलवर फिरतात आणि कोणीतरी कुदळ घेऊन बिळाकडे निघतं. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. आईच्या शेपटीवर बसून ते फिरतं. आई पोत्यात गेली की पिल्लूही गेलं.

कायदा कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. 2016 मध्ये आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. ओडिशात नंदनकाननमध्ये त्यांच्या प्रजननाचं केंद्र आहे. पण पिंजऱ्यात हा प्राणी जगवणं फार कठीण असतं. तो वाचेल तर रानातच.

वाघ मेला की बातमी होते. खवले मांजर नाहीसं झालं, तर बातमी देणार कोण? जे कधी दिसलंच नाही, ते गेल्याचं कळणार तरी कसं?

म्हणून तीनच गोष्टी मागतो. आज घरी गेल्यावर एका माणसाला याचा फोटो दाखवा आणि नाव सांगा. खवल्यांच्या भावाचा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला सांगा, हे आपल्या नखांसारखंच आहे आणि यात तुरुंग आहे. आणि कुठे खवले मांजर दिसलं, तर ठिकाण सांगणारा फोटो टाकू नका. वनविभागाला कळवा, महाराष्ट्रात 1926 हा क्रमांक आहे.

आणि कधी एखाद्या पडवीत पोतं दिसलं, तर माझ्यासारखे झोपू नका. विचारा.