चोरलेले पेट्रोल, राखलेली भाषा



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून चोरीच्या चित्रपटाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ‘विवा रिवा’ या २०१० सालच्या काँगोच्या चित्रपटाने मला अंतर्मुख केले. दिग्दर्शक जो तुंडा वा मुंगा मूळचे किन्शासाचे. बालपणीच ते बेल्जियममध्ये गेले, ब्रसेल्सला चित्रपटकला शिकले आणि पुढे जन्मगावी परतून त्यांनी हा चित्रपट काढला.

त्यात सोन्याची पेढी फुटत नाही. नायक रिवा अंगोलातून चोरीचे पेट्रोल घेऊन येतो. किन्शासात इंधनाचा दुष्काळ. म्हणून त्या पिंपांनाच सोन्याचे मोल! मागोमाग अंगोलातली टोळी येते आणि लोभाच्या या वणव्यात एकेक जण होरपळतो. रात्र, पाठलाग, विश्वासघात हा साचा परका खरा. पण टंचाई त्या शहराची आणि फ्रेंचच्या जोडीने उमटणारी लिंगाला भाषाही तिथल्या रस्त्यांवरची.

माझी मुले बदल्यांमुळे तीन प्रांतांत वाढली. मंडळाच्या नाटकांतले वाडे आणि चाळी त्यांनी कधी पाहिल्या नाहीत. पाठ केलेले संवाद बोलताना ती अडखळतात. मुंगांनी पाहिलेल्या शहराचीच गोष्ट सांगितली. आपल्या मुलांनाही या शहराची गोष्ट मराठीत लिहू द्यावी, एवढीच विनंती.