पटापलीकडचा खेळाडू

बैठ्या खेळाला दोन माणसे लागतात, ही समजूत फार जुनी आहे. एकट्यानेच पट मांडून दोन्ही बाजूंच्या सोंगट्या हलवणारा मनुष्य लवकरच कंटाळतो. एका बाजूचा बेत दुसऱ्या बाजूला आधीच ठाऊक असतो, आणि मन नकळत कोणत्या तरी एका बाजूचे होते. मग ज्याला मनच नाही अशा यंत्राला पटापलीकडे बसवता येईल काय? विसाव्या शतकाच्या मध्यास काही गणितज्ञांनी आणि अभियंत्यांनी हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला.

इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी 1952 साली मँचेस्टरच्या फेरान्टी यंत्रावर ‘ड्राफ्ट्स’ या खेळाचा डाव खेळवून दाखवला. त्याच सुमारास अमेरिकेत आयबीएम कंपनीतील अभियंते आर्थर सॅम्युअल यांनी 701 या यंत्रासाठी तोच खेळ लिहावयास घेतला. अमेरिकेत या खेळाला ‘चेकर्स’ म्हणतात. पट बुद्धिबळाचाच, 64 घरांचा. परंतु वापर केवळ 32 काळ्या घरांचा. दोन्हीकडे बारा-बारा सोंगट्या. चाल तिरकी आणि पुढची. शत्रूच्या सोंगटीपलीकडचे घर रिकामे असेल तर तिच्यावरून उडी घेऊन तिला मारावयाचे. मारणे शक्य असताना ते टाळता येत नाही. शेवटच्या ओळीत पोहोचलेली सोंगटी राजा होते आणि तिला मागेही फिरता येते.

यंत्राला खेळाडू करावयाचे तर पहिले काम नियम शिकवण्याचे. यंत्राला डोळे नाहीत. त्याला पट अंकांतच दिसला पाहिजे. 701 च्या स्मृतीतील एका शब्दात 36 द्विमान अंक मावत. सॅम्युअल यांनी घरांना 1 ते 35 असे क्रमांक दिले, मात्र 9, 18 आणि 27 हे तीन गाळले. त्यामुळे पटावर कोठूनही पुढचे पाऊल नेमके चार किंवा पाच क्रमांकांचे झाले, आणि कडेच्या घरातून पटाबाहेर जाऊ पाहणारी चाल गाळलेल्या क्रमांकावर पडून आपोआप बाद होऊ लागली. साऱ्या सोंगट्यांच्या चाली यंत्राला एकदमच पडताळता आल्या.

परंतु नियम जाणणारा प्रत्येक जण खेळाडू नसतो. दुसरे काम पुढचे पाहण्याचे. आपली चाल, त्यावर समोरच्याचे उत्तर, त्यावर आपले प्रत्युत्तर, अशा फांद्या फुटत जातात. चेकर्सचा डाव सर्व फांद्यांनी शेवटापर्यंत पाहू गेल्यास एकावर चाळीस शून्ये इतक्या चालींचा विचार करावा लागेल, असा सॅम्युअल यांचा अंदाज होता. म्हणून काही चाली पाहून थांबावयाचे, तेथील स्थितीला गुण द्यावयाचे आणि उलट दिशेने हिशेब करीत यावयाचे. आपल्या पाळीला सर्वांत अधिक गुणांची चाल धरावी. समोरच्याच्या पाळीला तो आपल्याला सर्वांत कमी गुण मिळतील अशीच चाल करील, असे मानावे. क्लॉड शॅनन यांनी बुद्धिबळासंबंधी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हीच पद्धत मांडली होती. तिचा अर्थ साधा आहे: प्रतिस्पर्धी चुकेल या आशेवर यंत्राने खेळावयाचे नाही, त्याला पुरता शहाणा समजूनच खेळावयाचे.

तिसरे आणि सर्वांत कठीण काम म्हणजे ते गुण ठरवणे. सोंगट्यांचे आधिक्य, पटाच्या मध्यावरील ताबा, मोकळ्या चालींची संख्या, यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे? सॅम्युअल स्वतः कसलेले खेळाडू नव्हते. त्यांनी ही परीक्षा यंत्रावरच सोपवली. यंत्रात दोन खेळाडू कल्पिले, आल्फा आणि बीटा. आल्फा खेळता खेळता आपली वजने बदलीत असे. बीटा आहे तसा राही. आल्फा जिंकला की त्याची वजने बीटाला मिळत. तो पुनःपुन्हा हरू लागला तर त्याच्या वजनांत मोठी उलथापालथ केली जाई. एकट्या माणसाला जे कंटाळवाणे वाटते, त्यातूनच यंत्र शिकत गेले. आठ-दहा तासांच्या खेळानंतर ते आपल्या कर्त्यापेक्षा सरस खेळू शकते, असे सॅम्युअल यांनी 1959 च्या निबंधात नोंदवले.

तथापि एक गोष्ट त्यांनी यंत्राच्या हाती दिली नाही. सोंगट्यांच्या आधिक्याचे वजन त्यांनी अढळ ठेवले होते. बाकी सारी वजने बदलत असताना प्रगती झाली की अधोगती, हे मोजावयास एक तरी माप स्थिर हवे होते.

1962 साली या यंत्राने रॉबर्ट नीली या नावाजलेल्या खेळाडूविरुद्ध एक डाव जिंकला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढील वर्षीच्या सामन्यात मात्र त्याला एकही डाव जिंकता आला नाही. अव्वल खेळाडूंची बरोबरी करणारा ‘चिनूक’ हा प्रोग्राम कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 पासून घडवला. 1994 साली महान खेळाडू मॅरियन टिन्सली यांच्याशी त्याचे सहा डाव बरोबरीत सुटले, आणि आजारपणामुळे टिन्सली यांनी सामना सोडला. 2007 साली त्याच गटाने सिद्ध केले की दोघेही निर्दोष खेळले तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो.

आज एखादा विद्यार्थी घरच्या संगणकावर फुल्ली-गोळ्याचा प्रोग्राम लिहू लागतो, तेव्हा त्यालाही याच तीन पायऱ्या चढाव्या लागतात. खेळ लहान असेल तर दुसऱ्या पायरीवरच काम भागते. मोठा असेल तर तिसरी टळत नाही. आता तर खेळाबाहेरच्याही पुष्कळ गोष्टी यंत्राकडून तोलून घेतल्या जातात. अशा वेळी सॅम्युअल यांचे ते अढळ वजन आठवावे. कौशल्यात यंत्र कर्त्याच्या पुढे गेले, पण पुढे जाणे कशाला म्हणावयाचे, हे कर्त्यानेच ठरवले होते. आणि ते ठरवण्याची जबाबदारी अजूनही पटाच्या अलीकडे बसलेल्या माणसाचीच आहे.