वरच्या श्रेणीतला शेवटचा क्रमांक



नेमबाजी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक पटकावणारा कोल्हापूर जिल्ह्याचा सुपुत्र स्वप्नील कुसाळे ही नावे उभी राहतात. ही सारी रायफलची परंपरा. लक्ष्य स्थिर, श्वास स्थिर, बोटही स्थिर. आजचा विषय मात्र तिच्या भावंडाचा, म्हणजे छर्‍याच्या बंदुकीने उडती तबकडी फोडण्याचा आहे. महाभारताच्या भाषेत सांगायचे तर रायफल म्हणजे द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेल्या पक्ष्याचा डोळा, आणि हा खेळ म्हणजे द्रौपदीस्वयंवरातील फिरता मत्स्य. येथे तबकडी जिथे दिसते तिथे बार टाकून चालत नाही; ती क्षणार्धानंतर जिथे असेल तिथे टाकावा लागतो.

आरंभी या खेळात जिवंत कबुतरे उडवीत, पुढे काचेचे गोळे आले. १८८० साली अमेरिकेतील सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्की यांनी तबकडीचे पेटंट घेतले आणि असंख्य मुक्या जिवांचे प्राण वाचले. नावात 'क्ले' असले तरी आजची तबकडी मातीची नसते. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि चुनखडीची भुकटी यांपासून ती बनते.

परंतु या खेळातील खरी विचार करण्याजोगी गोष्ट तबकडी नव्हे, त्याची श्रेणीव्यवस्था होय. अमेरिकेत 'स्पोर्टिंग क्लेज' नावाचा प्रकार लोकप्रिय आहे. वनराईतून एकेका ठाण्यावर जायचे, कुठे तबकडी आडवी जाते, कुठे सरळ आकाशात चढते, कुठे सशासारखी जमिनीवरून घरंगळते. अशा बहुधा शंभर तबकड्यांवर एक स्पर्धा ठरते. १९८९ साली स्थापन झालेली 'नॅशनल स्पोर्टिंग क्लेज असोसिएशन' ही संघटना टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथून तिचा कारभार पाहते. तिच्याकडे सात श्रेणी आहेत. सर्वांत खाली 'ई'. त्यावर 'डी', 'सी', 'बी', 'ए', 'डबल ए' आणि शिखरावर 'मास्टर'. स्पर्धेत सारे एकाच मार्गावरून जातात, त्याच तबकड्या फोडतात. परंतु क्रमांक प्रत्येकाच्या श्रेणीत स्वतंत्र लागतात. सामान्य नोकरदाराला, वयस्क गृहस्थाला, नवख्या मुलीला आपल्या तोडीच्या माणसांशी झुंजता यावे, एवढाच त्यामागचा हेतू.

श्रेणीत वरचा क्रमांक आला की 'पंच' मिळतात. किती, हे त्या दिवशी श्रेणीत किती स्पर्धक उतरले यावर ठरते. अगदी मोजकेच असतील तर पहिल्या क्रमांकालाही काही मिळत नाही. म्हणजे ओसाड गावच्या पाटीलकीला येथे किंमत नाही! ठरावीक पंच जमले की वरच्या श्रेणीत जावेच लागते, आणि वरच्या पायर्‍यांना अधिक पंच लागतात.

येथेच माणसाची परीक्षा आहे. 'सी' श्रेणीत पहिला येणारा गृहस्थ 'बी' मध्ये गेला की पहिल्याच स्पर्धेत तळाशी दिसतो. बक्षीस गेले, टाळ्या गेल्या, काडतुसांचा खर्च मात्र तेवढाच. मग मोह होतो: मुद्दाम चार तबकड्या सोडाव्यात, खालीच राहावे आणि खालीच जिंकत राहावे. या लबाडीला तिकडे 'सँडबॅगिंग' असे नावच आहे आणि संघटनेच्या नियमांत ती दंडनीय आहे. पण जाणूनबुजून हुकवलेला नेम आणि खरोखर हुकलेला नेम यांतील भेद पंचांनी ओळखावा कसा? तो फक्त बंदूक धरणाराच जाणतो. आणखी एक नियम पाहण्यासारखा आहे. आपले गुण, आपला क्रमांक, आपण मिळवलेले पंच ही नोंद आपल्या वर्गीकरणपत्रावर ठेवण्याची जबाबदारी स्पर्धकावरच टाकलेली आहे. संघशिक्षावर्गातून गेलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे परके वाटणार नाही. प्रथम वर्षात ज्याची दंड-प्रहारात वाहवा झाली, त्याला द्वितीय वर्षाच्या मैदानावर नवशिक्यांच्या रांगेत मुकाट्याने उभे राहावे लागे. आणि त्या रांगेतच तो पुढे शिकला.

तिकडच्याच 'ट्रॅप' प्रकारात ही गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी मांडली आहे. तेथील 'हँडिकॅप' स्पर्धेत नेमबाज जसा सुधारतो, तसे त्याला मागे सरकवतात. शंभरपैकी शहाण्णव वा अधिक तबकड्या फोडल्या की किमान अर्धा यार्ड मागे. शेवटची रेषा सत्तावीस यार्डांची. तबकडी तीच, यंत्र तेच, पण छर्रे पोचेपर्यंत ती अधिक दूर गेलेली असते आणि छर्‍यांचा पुंजकाही विरळ झालेला असतो. गुणवंताला पुढची खुर्ची देण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला हे सन्मानचिन्ह चमत्कारिक वाटेल.

आपल्या देशात अशा अक्षरांच्या श्रेणी नाहीत; येथे किमान गुणांचे उंबरठे आहेत. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्याच नावाची अखिल भारतीय स्पर्धा आज राष्ट्रीय स्पर्धेचे दार समजली जाते. राज्य, मावळंकर, राष्ट्रीय, मग निवडचाचण्या, अशी ही वाट आहे.

ती वाट उशिरा धरूनही चढता येते. राज्यवर्धनसिंह राठोड या सैन्याधिकार्‍याने १९९८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, 'डबल ट्रॅप' हाती घेतला. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, आणि २००४ मध्ये अथेन्सला १७९ गुणांसह रौप्य! त्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या पदरी पडलेले ते एकमेव पदक.

त्याची पुढची कथा मात्र कमी सांगितली जाते. २०१६ च्या रिओनंतर डबल ट्रॅप ऑलिंपिकमधून वगळला गेला. ज्यांनी त्यात आयुष्य घातले त्यांच्या शिडीची सर्वांत वरची पायरीच कोणीतरी काढून नेली. ऑलिंपिकचे स्वप्न जपायचे तर ट्रॅपच्या रांगेत नव्याने उभे राहायचे, सव्वाशे तबकड्यांचा नवा हिशेब पहिल्यापासून शिकायचा. नाहीतर आहे तिथेच, पदकाच्या आशेवाचून, नेम धरत राहायचे. २०१८ साली चांगवॉन येथे अंकुर मित्तल डबल ट्रॅपचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्या खेळाला ऑलिंपिकचे दार बंद झालेले होते.