पदवीवरचं नाव

(मंडळाच्या पिनर येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी ज्यांच्या घरात ए-लेव्हलची मुलं आहेत, त्यांच्याकडे सध्या जेवताना एकच विषय असतो: कुठली युनिव्हर्सिटी? अशाच एका घरातल्या मुलीने मला विचारलं, "काका, तुमची युनिव्हर्सिटी कशी होती?" मी सांगितलं, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर; आणि तिथे मी चार वर्षांत दोनदा गेलो! तिला वाटलं मी लेक्चर बुडवत होतो. मग समजावून सांगावं लागलं की आम्ही शिकायचो कॉलेजात, आणि विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवायचं, परीक्षा घ्यायचं, पदवी द्यायचं. आमच्या भाषेत बोलायचं तर सर्व्हर एक आणि क्लायंट शेकडो.

आता गंमत बघा. ही व्यवस्था आपली वाटते, पण ती आली इथूनच. १८३६ साली लंडन विद्यापीठाला सनद मिळाली तेव्हा ते स्वतः कुणालाही शिकवत नव्हतं. युनिव्हर्सिटी कॉलेज आणि किंग्ज कॉलेज शिकवणार, आणि हे परीक्षा घेऊन पदवी देणार. १८५४ च्या वुडच्या खलित्यात हाच नमुना हिंदुस्थानासाठी सुचवला गेला, आणि १८५७ मध्ये, उठाव झाला त्याच वर्षी, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं स्थापन झाली. मुंबईच्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर होते.

पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉसला उतरलात की सेंट पँक्रसचं लाल विटांचं हॉटेल दिसतं ना? त्याचा वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह यांचे आराखडेही त्याचेच. गृहस्थाने मुंबई कधी पाहिली नाही! टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आपल्या आईचं.

पुढे लंडनने १८९८ च्या कायद्याने स्वतः शिकवणारं विद्यापीठ व्हायचं ठरवलं. आपल्याकडे पदव्युत्तर विभाग निघाले, पण पदवीचा मोठा डोलारा संलग्न महाविद्यालयांवरच राहिला. याला 'जुनाट' म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला तितकं सोपं वाटत नाही.

कोल्हापूरचंच घ्या. राजाराम कॉलेज १८८० पासूनचं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं, बॅरिस्टर जयकर त्याचे पहिले कुलगुरू, तेव्हा कारभार पुण्याला आला. तरी कोल्हापूरहून पुणं सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. इकडे शिकणारी मुलं तर वाढत होती. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि खेड्यातली पोरं स्वतः राबून शिकू लागली. या मुलांना जवळचं विद्यापीठ हवं होतं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. तारीख नीट पाहा, चीनशी युद्ध चालू होतं तेव्हा! पहिले कुलगुरू इतिहास संशोधक डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीला ३४ महाविद्यालयं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी. २००४ मध्ये सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं, तरी आज कोल्हापूर, सांगली, सातारा मिळून अडीचशेच्या वर महाविद्यालयं आहेत.

नावाचीही एक हकीकत सांगतात. लांबलचक नाव दिलं तर लोक आद्याक्षरांवर येतील आणि महाराजांचं नाव तोंडातूनच जाईल, म्हणून मुद्दाम 'शिवाजी विद्यापीठ' एवढंच ठेवलं. अलीकडे नामविस्ताराची मागणी पुन्हा झाली आणि त्यावर कोल्हापुरी पद्धतीने भरपूर वादही झाला.

माझी आई अशाच एका तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झाली. सकाळच्या एस.टी.ने जायची, दुपारी परत येऊन घरचं काम. कॉलेज पुण्यात असतं तर पाठवली नसती, असं आजोबा सरळ सांगायचे. आपण इथे रँकिंगचे तक्ते पाहतो. कॉलेज एस.टी.च्या टप्प्यात आहे की नाही, याचा रकाना त्या तक्त्यात मला अजून सापडलेला नाही.

कारभाराचं थोडक्यात सांगतो. राज्यपाल हे कुलपती, पण रोजची धुरा कुलगुरूंवर. अभ्यासक्रम अभ्यास मंडळं तयार करतात, विद्या परिषद त्यांना मान्यता देते, पैशाचं आणि व्यवस्थेचं व्यवस्थापन परिषद पाहते. वर अधिसभा, म्हणजे सिनेट. तिच्यात प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक असतातच, शिवाय नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा जण. २०१६ च्या कायद्यातही ही रचना आहे. कागदावर छान लोकशाही आहे हो!

पण अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाची जागा भरायची तर मंजुरी सरकारची लागते, आणि ती वर्षानुवर्षं अडते. माझा एक वर्गमित्र, आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, तो पुढे एम.एस्सी., नेट, पीएच.डी. झाला. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही. मी गणिताच्या गृहपाठात त्याची वही बघायचो आणि आज माझा दिवसाचा रेट त्याच्या महिन्याच्या कमाईच्या जवळपास जातो. सर्व्हर चालू ठेवायचा आणि क्लायंटची वीज तोडायची, असला हा प्रकार आहे. उद्या ही माणसं कंटाळून निघून गेली तर तालुक्यात कॉलेजची इमारत राहील आणि शिकायला पुन्हा पुणंच गाठावं लागेल.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा त्याच्या तासाला मागे जाऊन बसलो. वर्ग भरलेला, निम्म्याहून जास्त मुली. तास संपायच्या आधी पाच-सहा जणी दप्तर आवरून उठल्या. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "जाऊ दे त्यांना, सव्वाबाराची एस.टी. चुकली तर पुढची तीनला आहे."