गोटी, उतार आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने केलेले भाषण)



शिक्षणावर बोलावयास मला येथे बोलावले आणि मी एका खेळावर बोलणार आहे, हे ऐकून काही मंडळी हसतील. खेळही मैदानावरचा नव्हे, मोबाईलवरचा. त्यात एक गोळा असतो. अधांतरी अरुंद फळ्या, उतार, पूल आणि वळणे असतात. गोळा खाली पडू न देता शेवटच्या ठिकाणी न्यावयाचा, एवढाच तो खेळ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो चालू असेल आणि त्यावरून कटकटही होत असेल. म्हणूनच हा विषय मी घेतला आहे.

काही दिवसांपूर्वी एक पालक आपल्या नववीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, हिला तुम्हीच समजावून सांगा. विज्ञानात मार्क नाहीत, आणि वेळ मिळाला की आईच्या मोबाईलवर हा गोळा फिरवत बसते. दहावीनंतर हिचं शिक्षण थांबवावं म्हणतो." मुलगी मान खाली घालून उभी होती. मी तिला रागावलो नाही. म्हटले, "बेटा, खेळून दाखव बरं." ती खेळू लागली. मी विचारले, "पुढे वळण आले की गोळ्याला कधी आवरतेस?" ती चटकन म्हणाली, "वळणाच्या आधीच, सर. गोळा लगेच थांबत नाही ना." मी तिची उत्तरपत्रिका मागवून पाहिली. 'जडत्व म्हणजे काय?' या प्रश्नापुढची जागा कोरी होती.

मित्रहो, जी गोष्ट त्या मुलीच्या बोटांना ठाऊक होती, ती तिच्या पेनापर्यंत पोहोचली नव्हती. दोष कोणाचा? मुलीचा असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्याचे कारणही आज आपणांपुढे मोकळेपणाने सांगतो.

मी नोकरीला लागलो त्या काळची गोष्ट आहे. आपल्या परभणीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गोट्यांचा डाव मांडता येत नाही. चिखलात गोटी रुतून बसते. जमीन वाळली की मुले गल्लोगल्ली खेळू लागतात आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की भेगा चुकवून नेम धरतात. असाच एक मुलगा खिशात गोट्या घेऊन वर्गात आला होता. त्या खळखळल्या, तशा मी काढून घेतल्या आणि खिडकीतून बाहेर भिरकावल्या. मग फळ्याकडे वळलो आणि गतीचे नियम लिहू लागलो. ज्या वस्तूने ते नियम मुलांच्या तळहातावर ठेवता आले असते, तीच वस्तू मी फेकून दिली होती! तो मुलगा पुढे फार शिकला नाही. बऱ्याच वर्षांनी पूर्णा येथे एका गॅरेजमध्ये भेटला. हातातल्या बेअरिंगचे छर्रे दाखवून, घासण्यापेक्षा घरंगळणे यंत्राला किती सोपे जाते हे त्याने मला उत्तम समजावून सांगितले. शेवटी हसून म्हणाला, "सर, हेच तुम्ही त्या दिवशी गोटी घेऊन सांगायला पाहिजे होतं." ते वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही.

आता या खेळाकडे वळू. त्याची परंपरा जुनी आहे. लाकडी पेटीत भोकांचा चक्रव्यूह, दोन मुठींनी पृष्ठभाग कलता करून छर्रा भोकांतून वाचवीत न्यावयाचा, असा खेळ स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने 1946 साली बाजारात आणला. 1984 साली अमेरिकेतील अटारी कंपनीचा 'मार्बल मॅडनेस' हा खेळ आला. त्यात गोटी पडद्यावर घरंगळू लागली. तो रचणारा मार्क सर्नी वयाच्या सतराव्या वर्षी त्या कंपनीत कामाला लागला होता. पुढे 2004 साली 'बॅलन्स' नावाचा खेळ निघाला. जर्मनीतील सायपरेड या मंडळींनी तो तयार केला होता. त्यात गोळा वाटेत तीन रूपे घेतो: कागदाचा, लाकडाचा आणि दगडाचा. कागदाचा गोळा पंख्याच्या झोताने वर उचलला जातो. दगडाचा गोळा जड वस्तू ढकलतो, पण त्याला आवरणे कठीण. कोणत्या जागी कोणता गोळा उपयोगी, हे ओळखणे हेच त्यातले कोडे.

विद्यार्थी मित्रांनो, पडद्यावर खरा गोळा नसतो, तरी तो खऱ्यासारखा का पळतो? त्यामागे जादू नाही, हिशेब आहे. असे खेळ साधारणपणे एका सेकंदाचे 60 तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यात संगणक विचारतो: गोळ्यावर बल किती? त्यामुळे वेग किती वाढला? तेवढ्या वेगाने तो कोठे पोहोचला? तेथे फळी आहे की पोकळी? पुन्हा पुढचा तुकडा. मोबाईल कलता केल्यावर गोळा पळतो तोही असाच. मोबाईलच्या पोटातील एक सूक्ष्म यंत्र गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखून हिशेबाला पुरवते. म्हणजे आपल्या नववीच्या पुस्तकातील गतीचे नियम त्या खेळात सेकंदाला 60 वेळा सोडविले जात असतात. गणित न येणाऱ्यास हा खेळ खेळता येईल, पण तयार करता येणार नाही. खेळणारा आणि तयार करणारा यांच्यात अंतर आहे ते एवढेच.

त्या मुलीला मी एक प्रश्न विचारला. "काचेची गोटी आणि तेवढाच लोखंडी छर्रा एका उतारावरून एकदम सोडले, तर आधी कोण खाली येईल?" ती म्हणाली, "छर्रा. तो जड आहे." वडिलांनीही मान डोलावली. मी म्हटले, "मग करूनच पाहू."

वायरिंगसाठी वापरतात ती प्लास्टिकची केसिंग पट्टी आणली. दोन मीटर लांब. तिचे एक टोक बरोबर 10 सेंटिमीटर उंच केले. गोटी आणि छर्रा आळीपाळीने सोडले. वडिलांच्या हातात घड्याळ दिले. दोघांनाही लागलेला वेळ सव्वातीन-साडेतीन सेकंदांच्या आसपास! दहा वेळा केले, तरी फरक पडला नाही. मग मुलीच्या हातातील धातूची बांगडी मागून घेतली आणि ती त्याच पट्टीत उभी सोडली. तिला चार सेकंद लागले. मुलगी चक्रावून गेली. जडपणाने फरक पडत नाही, मग बांगडीने का पडला?

कारण सोपे आहे. घरंगळणाऱ्या वस्तूला पुढे जावे लागते आणि स्वतःभोवती फिरावेही लागते. उतारावर मिळालेली ऊर्जा या दोन कामांत वाटली जाते. भरीव गोळ्याच्या बाबतीत सातांतले पाच भाग पुढे जाण्यास मिळतात. बांगडीचे सारे वजन कडेला असल्याने तिची निम्मी ऊर्जा फिरण्यातच खर्च होते. वजन किती आहे यापेक्षा ते कोठे आहे, हे येथे महत्त्वाचे ठरते. हाच भाग बारावीच्या भौतिकशास्त्रात घूर्णन गतीच्या धड्यात येतो. नववीच्या मुलीने तो बांगडीने शिकला.

मग पट्टीवर वरून 17.5, 70 आणि 157.5 सेंटिमीटरवर खुणा केल्या. गोटी या खुणांवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन सेकंदांनी पोहोचते. अंतरांचे प्रमाण 1, 4 आणि 9. गॅलिलिओने हाच नियम सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी पन्हळीत कांस्याचा गोळा सोडून आणि वेळ पाण्याच्या धारेने मोजून सिद्ध केला व 1638 साली ग्रंथात छापला. त्याच्याजवळ सेकंदकाट्याचे घड्याळ नव्हते. आपल्याजवळ आहे.

त्याच्याही आधीचे दाखले आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-हैसम यांनी प्रकाश का वळतो हे समजावताना पातळ पाटीवर फेकलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले: सरळ आलेला गोळा पाटी फोडतो, तिरका आलेला फोडू शकत नाही. अल-जझरी यांनी 1206 साली वर्णन केलेल्या हत्तीच्या घड्याळात दर अर्ध्या तासाने एक गोळा सुटून सर्पाच्या तोंडात पडे आणि त्याच्या भाराने सर्प खाली झुके. ही नावे आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो. पण नुसत्या नावांनी मुलांच्या पदरात काही पडत नाही. त्या थोरांनी वस्तू हातात घेतली होती. आपण मुलांच्या हातातून काढून घेतो, हा फरक लक्षात घ्या.

माता-भगिनींना विशेष सांगावयाचे आहे. गल्लीतल्या गोट्या मुलांनी खेळाव्यात, मुलींनी नव्हे, अशी आपली रीत. उतार, टक्कर, नेम यांचा जो अनुभव मुलांना फुकट मिळाला, तो मुलींच्या वाट्याला आलाच नाही. पुढे त्याच मुलींना 'भौतिकशास्त्र तुमच्या डोक्यात शिरत नाही' असे आपण म्हणतो. घरात बसलेल्या मुलीच्या हाती या खेळाने प्रथमच तो उतार दिला आहे. तो हिसकावण्यापूर्वी थोडा विचार करा.

याचा अर्थ मुलांना दिवसभर मोबाईल द्या असा नाही. डोळे, झोप आणि अभ्यास यांचा नाश करणारा खेळ कितीही शास्त्रीय असला तरी तो घातकच. शिवाय खेळातले नियम माणसाने लिहिलेले असतात. रचणाऱ्याच्या मनात आले तर दगड तरंगेल आणि कागद बुडेल. निसर्गाचे नियम कोणाच्या मर्जीवर चालत नाहीत, ते तपासूनच घ्यावे लागतात. म्हणून माझे सांगणे एवढेच की, खेळाने प्रश्न द्यावा आणि उत्तर पट्टीवर शोधावे. अर्धा तास खेळ झाला की मोबाईल खाली ठेवा, मुलाजवळ बसा आणि विचारा: गोळा का पडला? आता काय होईल असे तुला वाटते? चल, करून पाहू. तुम्ही स्वतः शाळा शिकला नसाल, तरी हे तीन प्रश्न विचारता येतात. त्या वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. घड्याळ मात्र त्यांनी चोख धरले.

ते गृहस्थ जाताना दारात थांबले. पट्टी त्यांच्याच खांद्यावर होती. घरी पुन्हा करून पाहावयाचे म्हणून मुलीने मागून घेतली होती. मला म्हणाले, "सर, अकरावीला सायन्स घ्यायचं तर आपल्याकडे मुलींची सोय कुठं कुठं आहे?"

या प्रश्नाचे उत्तर एकट्या शिक्षकाने देण्यासारखे नाही. ते आपणा सर्वांना मिळून द्यावयाचे आहे. संस्थेच्या प्रत्येक वर्गात एक पट्टी, मूठभर गोट्या आणि एक घड्याळ यंदा आले, तर मी खिडकीतून फेकलेल्या गोट्यांची थोडीफार भरपाई झाली असे मी समजेन.